मुंढ्यापाशी अडकलेली लोकर

कोकणात राहून स्वेटर विणणाऱ्या बाईला सगळे एकच विचारतात, कुणासाठी गो? आणि प्रश्न काही चुकीचा नाही. आमच्या गुहागरच्या किनाऱ्याला जानेवारीत पहाटे चादर अंगावर ओढावीशी वाटली की आम्ही त्याला थंडी म्हणतो आणि नऊ वाजेपर्यंत ती गेलेली असते. दापोलीवाले त्यांच्या थंडीचा जरा तोरा मिरवतात, मिरवू देत, पण इथे खाली समुद्राला लागून लोकरीचं काय काम. तरी मी विणते, म्हणजे विणायला घेते. माहेर साताऱ्याकडचं. तिथे दिवाळी झाली की आईच्या हातात सुया यायच्या आणि संक्रांतीपर्यंत घरातल्या कुणाच्या तरी अंगावर नवा स्वेटर असायचा, त्यामुळे हाताची सवय तिकडची आणि हवा इकडची असं माझं झालंय, आणि या दोघींच्या भांडणातून जे काय उरलं ते सगळं पलंगाखालच्या ट्रंकेत आहे.

भाच्याचा निळा स्वेटर आहे, पाठ पूर्ण, पुढचा भाग मुंढ्यापर्यंत, म्हणजे बाही जोडायची तिथपर्यंत, आणि भाचा आता इंजिनिअरिंगला आहे, दाढी ठेवतो. नणंदेच्या बाळाचं पिवळं टोपरं आहे ज्याला बंद लावायचे राहिलेत, फक्त बंद, आणि ते बाळ आता मला मोबाईलमधलं काय काय शिकवतं. वेणीच्या विणीची मरून शाल आहे, तिची कितवी ओळ चालू होती ते लिहिलेला कागद वाळवीनं खाल्ला. नवऱ्याचा बिनबाह्यांचा स्वेटर आहे जो त्यानं कधी मागितलाच नव्हता आणि अजूनही मागत नाही. शिवाय नुसतेच वीतभर विणून बघितलेले तुकडेच तुकडे, ज्यांचं काय करायचं होतं ते आता मलाही आठवत नाही.

साताऱ्यात अर्धवट स्वेटर दहा वर्षं कपाटात पडला तरी दहा वर्षांनी तो तसाच निघतो. इथे नाही. इथे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, भिंतीला ओल, चपलांना बुरशी, मिठाला पाणी. जुन्या स्टीलच्या सुया टाक्यांत तशाच ठेवल्या की गंजतात आणि सुई काढली तरी त्या ओळीवर तांबडे ठिपके राहतात, त्यामुळे मी कुठे थांबले होते हे कागद नसला तरी कळतं. आणि कसर. कसरीची गंमत अशी की तिच्या अळीला खरी लोकर पचते, लोकर म्हणजे शेवटी केसच ना, आणि अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिक, ते काही तिला पचत नाही. त्यामुळे बहिणीनं परदेशातून आणलेली मऊसूत मेरिनो लोकर भोकं पडून गेली आणि चिपळूणच्या बाजारात घेतलेलं स्वस्तातलं अ‍ॅक्रिलिक मात्र ठणठणीत आहे, माझ्यानंतरही राहील. वेखंड ठेवलं, कडुलिंबाचा पाला ठेवला, डांबरगोळ्या ठेवल्या, शेवटी ट्रंक उघडली की सगळ्याचा मिळून जो वास येतो तो म्हणजे माझा छंद.

सगळी कामं बहुतेक एकाच जागी थांबलेली दिसतात, मुंढ्यापाशी. विणणाऱ्या बायकांना लगेच कळेल. खालची पट्टी एक सुलट एक उलट, मग सरळ विणत जायचं, मालिका बघता बघता, फोनवर बोलता बोलता, हात आपोआप चालतो आणि बोटांतून लोकर सरकत राहते. मुंढा आला की टाके बंद करायचे, कमी करायचे, मोजायचं, ज्याच्यासाठी विणतोय त्याला समोर उभं करायचं, तो तोवर दोन इंच वाढलेला असतो. लोक म्हणतात चिकाटी नाही. आईपण म्हणते. मी बरीच वर्षं मान हलवली पण मला ते पटलेलं नाही, कारण चिकाटी नसती तर वीतभर तुकडा परत परत उसवून परत विणला नसता. मला ती बोटांतून सरकणारी दोरीच आवडते, स्वेटर हे तिचं निमित्त. हे इतकं सरळ आहे पण कळायला सूत कातायला बसावं लागलं.

आणि सूत कातायला मी काही ठरवून बसले नाही. आमच्या परसात विहिरीजवळ देवकापसाचं झाड आहे. कापसाचं पीक कोकणात होत नाही, एवढ्या पावसात बोंडं कुजतात, तो विदर्भाचा माल. पण घरटी एखादं देवकापसाचं झाड खूप जणांकडे असतं, देवाच्या वातींपुरतं. बोंडं फुटली की शेजारच्या काकू परडी घेऊन येतात, ओटीवर बसून सरकी काढतात आणि वाती वळतात. त्यांचे हात बघत बसायला मला आवडतं. कापूस बोटांनी मोकळा करतात, जराशी रांगोळी चिमटीला लावतात, कापसाचं टोक ओढतात आणि ओढता ओढता वळतात, ओढणं आणि वळणं एकदम. फुलवात, लांब वात, गौरीगणपतीची वस्त्रमाळ, अधिक महिन्यात तर कुणाकुणाची लाखभर वातींची प्रतिज्ञा असते. एकदा त्यांनी वात वळता वळता बोलायच्या नादात ती लांबवत नेली, हातभर झाली, आणि मी म्हटलं काकू हे तर सूतच झालं की. तर त्या म्हणाल्या, मग काय, शाळेत टकळी होती आम्हाला. टकळी म्हणजे हातानं फिरवून सूत कातायची काडी.

काकू ज्या पिढीतल्या त्या पिढीला शाळेत मूलोद्योगाचा तास असायचा. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला बुनियादी शिक्षणाची कल्पना मांडली, हाताच्या कामातून शिकायचं, त्यातून सूतकताई शाळांत शिरली, आणि स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं राहिली. काकूंना त्या तासाचं आठवतं ते एवढंच की टकळी पाटीवर फिरवली की आवाज यायचा आणि गुरुजी ओरडायचे. पण बोटांना आठवत होतं. मी खादी भांडारातून टकळी आणली, पितळेची चकती, मधून पोलादी काडी, वर आकडा, आणि वर्ध्याकडून कुरिअरनं पेळू मागवले, म्हणजे कातण्यासाठी पिंजून गुंडाळलेला कापूस. काकूंनी टकळी हातात घेतली, जरा फिरवून बघितली, स्वयंपाकघरातून नारळाची करवंटी आणली, तिच्यात टकळीचं टोक टेकवलं आणि कातायला लागल्या. चाळीस-पन्नास वर्षांनी. मी इकडे यूट्यूबवर एक रशियन बाई बघून बघून शिकत होते.

करवंटी का, ते नंतर कळलं. कापसाचा तंतू आखूड, इंचभर धरा, त्याला हवेत लटकणाऱ्या टकळीचं वजन पेलत नाही, सूत तुटतं, म्हणून टकळी कशात तरी टेकवून फिरवायची. लोकरीचा तंतू लांब, ती लटकती चालते. आणि पीळ ही काय चीज आहे ते तेव्हा पहिल्यांदा बोटांना समजलं. पेळूतून जो पुंजका ओढतो त्याला काही ताकद नसते, फुंकर मारली तर उडेल. त्याला पीळ बसला की तंतू एकमेकांना आवळून धरतात आणि मग ओढा किती ओढायचं ते. पीळ स्वतःहून बारीक जागेकडे धावतो आणि जाड जागी थांबतो, त्यामुळे जिथे बारीक झालंय तिथे तो आणखी घट्ट होतो आणि जिथे गाठोळं राहिलंय ते तसंच फुसकं राहतं, हे असं का होतंय म्हणून मी आधी बराच वेळ कापसाला दोष देत होते. उपाय सोपा आहे, पीळ पोचायच्या आत गाठोळं ओढून मोकळं करायचं. सोपा म्हणजे सांगायला.

मध्ये सावरीचाही प्रयोग झाला. एप्रिलमध्ये सावरीची बोंडं फुटतात आणि अंगणभर कापूस उडतो, फुकटचा, उश्यांत भरायला उत्तम. म्हटलं हाच कातू. तो ओढायला घेतला की सुळकन निसटतो, पीळ द्यावा तर सुटतो, नाकातोंडात जातो ते वेगळं. साध्या कापसाचा तंतू चपटा असतो आणि वाळताना त्याला स्वतःलाच वळ्या पडतात, त्या वळ्या एकमेकांत अडकतात म्हणून सूत होतं. सावरीचा तंतू गुळगुळीत, पोकळ, वरून मेणचट, धरायला जागाच नाही त्याला. काकू म्हणाल्या, निजायला दिलाय तो देवानं, कातायला नाही.

कातण्यावर आजकाल लोक फार गूढ बोलतात बरंका. ध्यान होतं, मन शांत होतं, श्वासाशी जोडलं जातं वगैरे. मला तसलं काही होत नाही. माझ्या डोक्यात कातताना हिशोब चालू असतात. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसला गांधीजी अध्यक्ष होते, तिथे ठरलं की सभासदाची वर्गणी पैशात नको, महिन्याला २००० यार्ड सूत द्या. मी गुणाकार भागाकार केला, दिवसाला साधारण ६० मीटर. ऐकायला काय, किरकोळ. पण नवशिक्या हातानं टकळीवर ६० मीटर एकसारखं सूत कातून बघा म्हणजे ती वर्गणी जास्त दिवस का टिकली नाही ते कळेल. पुढचा हिशोब आणखी वाईट आहे. मोठ्या माणसाच्या स्वेटरला जाडीप्रमाणे हजार-बाराशे मीटर लोकर लागते. ती तीन पदरी करायची तर एकेरी धागा त्याच्या तिप्पट, म्हणजे साडेतीन किलोमीटरच्या घरात, म्हणजे गुहागरच्या समुद्रावर एका अंगानं चालायला लागायचं आणि चालत राहायचं. बाजारातून लोकरीचे गुंडे पिशवी भरभरून आणताना हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

विनोबा तर आमच्या कोकणातलेच, पेणजवळच्या गागोद्याचे, त्यांना टकळीचं भारी प्रेम, आणि कणकवलीला गोपुरी आश्रम काढणारे अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना कोकणचे गांधी म्हणतात, त्यांचीही आठवण खादीचा विषय निघाला की इथली जुनी माणसं काढतात. पण खरं सांगायचं तर माझ्या कातण्याचा त्या देशसेवेशी संबंध नाही आणि तसा आव आणायलाही नको. मी चैन म्हणून कातते. ज्यांना पोटासाठी सुतात हात घालावे लागले त्यातलं एक माणूस आमच्या घरातच होतं.

नवऱ्याचे चुलते, आम्ही आबा म्हणतो, मुंबईत लालबागला गिरणीत होते, रिंगखात्यात, म्हणजे जिथे सूत निघतं तिथे. मुंबईत पहिली कापडगिरणी काढायचं ठरलं १८५४ मध्ये, त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं बोटीनं, मग एसटीनं गिरणगावात जात राहिली. बरोबरीला आमच्या घाटावरचे, साताऱ्या-कोल्हापूरचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, त्यातले कितीतरी परत कामावर गेलेच नाहीत. आबा गावी आले ते आलेच. नंतर आंबा-काजू, थोडं भात. गिरणीबद्दल ते बोलायचे नाहीत, खोकायचे मात्र, कापसाची धूळ छातीत बसलेली.

मी ओटीवर टकळी घेऊन बसायला लागले तेव्हा ते झोपाळ्यावर बसून बघायचे. काही बोलले नाहीत बरेच दिवस. माझं सूत तुटायचं, मी गाठ मारायची, पुढे चालू. एक दिवस उठून आले आणि म्हणाले, सुताला गाठ मारतात होय? मी म्हटलं मग काय करतात. त्यांनी तुटलेलं टोक चिमटीत घेतलं, त्याचा पीळ उलटा फिरवून टोक पिंजल्यागत मोकळं केलं, पेळूतला पुंजका त्यावर ठेवला आणि टकळीला एक झटका दिला. सांधलं. कुठे सांधलं ते शोधून सापडेना. म्हणाले, हेच करत होतो, दुसरं काय, फ्रेमवर शेकडो चाती, म्हणजे सूत गुंडाळत फिरणाऱ्या काड्या, एकीचं सूत तुटलं की तिची बॉबीन धरायची, टोक शोधायचं, ट्रॅव्हलर नावाच्या बारक्या कडीतून ओवायचं, रोलरमधून येतंय त्याला लावायचं, तोवर पलीकडे दुसरी तुटलेली. चात थांबत नाही, आपणच तिच्या मागे. गाठ मारत बसलीस तर कापडात दिसते.

मग ते बोलायला लागले. खिडक्या बंद असायच्या म्हणे, उकाडा, आणि वरून पाण्याची वाफ सोडायचे, कारण कोरड्या हवेत कापसाचं सूत तडतड तुटतं आणि दमट हवेत नीट चालतं. मुंबईच्या दमट हवेचा गिरण्यांना फायदाच झाला असणार असं मला वाटतं, आणि मला हसू आलं, कारण ज्या हवेनं माझ्या सुया गंजवल्या, शाली खाल्ल्या तीच हवा कातायला लायक निघाली. पावसाळ्यात माझं सूत खरंच कमी तुटतं. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, तुला वाफ फुकट आहे गो, आमचा त्यात जीव जायचा.

कापसाचं सूत जमायला लागलं तरी मला मनातून लोकर हवी होती. आणि लोकर आमच्याकडे घाट उतरून येते, हे मला इतकी वर्षं दिसत असून लक्षात आलं नव्हतं. भातकापणी झाली की फलटण-माणकडचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, कुंभार्ली घाटानं किंवा आणखी कुठल्या. भाताच्या रिकाम्या मळ्यांत रात्री मेंढरं बसवायची, शेताला लेंडीखत, धनगराला धान्य नाहीतर पैसे. पाऊस जवळ आला की वर, कारण चिखलात मेंढरांचे खूर सडतात. चिपळूणला जाताना रस्त्यात त्यांचे वाडे, म्हणजे तळ, दिसतात, घोड्यांवर बिऱ्हाड, कुत्री, कोंबड्या. एकदा मी नवऱ्याला गाडी थांबवायला लावली.

तिथल्या मावशी माझ्या माहेरच्या तालुक्यालगतच्या निघाल्या. बोलणं ऐकूनच त्यांनी ओळखलं, तू इकडची न्हाईस. मी लोकर मागितली तर आधी त्यांना थट्टा वाटली. कातरणीचाबी खर्च निघत न्हाई बाई आता, म्हणाल्या, पडून ऱ्हाती, न्हे किती न्यायची ती. एक पोतं दिलं. पैसे घेईनात, मग साखर-चहापत्ती आणि पोरांना बिस्किटं घेतली. त्यांच्यातले एक म्हातारे मेंढरांमागे चालता चालता लाकडी टकळीवर लोकर कातत होते, बघतसुद्धा नव्हते हाताकडे, टकळी गुडघ्यापाशी गरगरतेय आणि यांची नजर डोंगराकडे. मी यूट्यूब बंद केलं ते तेव्हापासून.

आता ही लोकर म्हणजे मेरिनो नव्हे. दख्खनी मेंढराची लोकर काळी, करडी, राठ. मेरिनोचा केस २० मायक्रॉनच्या आसपास, हिचा त्याच्या दीडपटीहून जास्त जाड, अंगाला लागली की खाजते. तिच्यातली सगळ्यात मऊ ती जावळ, कोकराची पहिली कातरण, ती धनगर बाजूला ठेवतात. बाकीचं घोंगडीत जातं, खड्ड्याच्या मागावर विणलेलं, चिंचोक्याची खळ लावून ताठ केलेलं. आणि त्या घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन कोकणातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भर पावसात लावणी केलीय, इरलं नसेल तर खोळ. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही, हे विज्ञान नंतर वाचलं. पण म्हणजे समुद्राजवळ लोकरीचं काय काम या प्रश्नाचं उत्तर आमच्याच पडवीत खुंटीला टांगलेलं होतं, आबांच्या वडलांचं घोंगडं, भोकं पडलेलं, मांजर झोपायचं त्यावर.

पोतं धुवायला मार्च बघावा लागला. कोमट पाण्यात रिठे, बुडवायची आणि हलवायची नाही, कारण गरम पाण्यात चोळली की लोकर आळते, नमद्यासारखा गोळा होतो आणि मग ती कातायच्या कामाची राहत नाही. पाणी काळं, त्यात वाळू, कुसळं, गोखरू, फलटणची माती. वास असा की काकू दोन दिवस फिरकल्या नाहीत. सुकल्यावर पिंजायला नवऱ्यानं कुत्र्याचे केस विंचरायचे दोन ब्रश आणून दिले, ही आयडिया जगभर चालते म्हणे आणि खरंच चालते, एका ब्रशवर लोकर लावायची, दुसऱ्यानं ओढायची, मग गुंडाळून पेळू करायचा. कापूस कातलेल्या हाताला लोकर एकदम सोपी वाटली. लांब तंतू, धरून राहतात. टकळी लटकती सोडून मी अंगणात फेऱ्या मारत कातायला लागले, गल्लीतली पोरं बघायला यायची.

एकेरी धाग्याचं विणकाम तिरकं पळतं, चौकोन विणायला घेतला तर शंकरपाळा होतो, कारण सगळा पीळ एकाच बाजूचा. म्हणून दोन नाहीतर तीन धागे घेऊन उलट्या बाजूनं पीळ द्यायचा, म्हणजे ते एकमेकांना सावरतात. आबा म्हणाले जानव्याचं तेच, तीन धागे एकत्र वळायचे, त्याचे परत तीन उलटे वळायचे, नऊ तंतू, म्हणून बारीक असून तुटत नाही. हे बोलताना ते सहज स्वतःच्या खांद्यावरचं चाचपत होते. आमच्या गावात अजून एक आजोबा तळहातावर काथ्या वळून सुंभ करतात, मुद्दाम जाऊन बघितलं, तिथेही तेच, दोन पेड, उलटा पीळ. खाली बंदरावर जाळी दुरुस्त करणाऱ्यांकडे आता नायलॉन असतं, पण दोरीची कांडी उकलून बघितली तर आत तेच पेड. कोकणात ना कापूस पिकतो ना लोकर, आणि पीळ मात्र जिथे बघाल तिथे दिला जातोय. मी एकटीच इथे काहीतरी परकं करत बसलेय असं जे वाटायचं ते वाटायचं थांबलं.

ट्रंक पुन्हा काढली ती त्यानंतर. सुयांवर विणलेलं कापड म्हणजे एकच सलग धागा, एक टोक ओढलं की ओळीमागून ओळ मोकळी होते, हातमागाचं किंवा मिलचं कापड असं परत मिळत नाही. त्यामुळे अर्धवट स्वेटर म्हणजे वाया गेलेली लोकर असं नसतंच, ती लोकर नुसती वेगळ्या आकारात ठेवलेली असते. नवऱ्याचा बिनबाह्यांचा आधी उसवला, त्याला विचारून, तो म्हणाला मला वाटलं होतं तो कधीच उसवला. मरून शाल उसवायला जीव झाला नाही, वेण्या फार सुरेख पडल्यात. निळ्याचा पुढचा भाग उसवला आणि पाठ ठेवली, तिचा अभ्रा होईल. उसवलेलं अ‍ॅक्रिलिक वळणावळणाचं निघालं, धुतलं, वजन लावून टांगलं, तरी वळणं जाईनात. खरी लोकर पाण्यात घातली की बऱ्यापैकी सरळ होते, अ‍ॅक्रिलिकला वाफ द्यावी लागते आणि वाफ जास्त झाली की ते कायमचं लुळं पडतं. काकू ते गुंडे बघून म्हणाल्या, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तुझं हे तर जळायलाही तयार नाही.

माझी पहिली सुताची गुंडी, जाड-बारीक, गाठीगाठींची, त्यांनीच मागून नेली. वटपौर्णिमेला वडाला गुंडाळायला. मी म्हटलं काकू तुटेल, बाजारातून आणा. तर म्हणाल्या विकतचा दोरा सगळ्याच आणतात. देवळापाशी सगळ्याजणी भर पावसात छत्र्या सांभाळत फेऱ्या घालतायत आणि माझं सूत दर फेरीला कुठेतरी तुटतंय, मागच्या बायका खोळंबल्यात, एक म्हणाली अहो काकू नवऱ्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे, आणि काकू शांतपणे टोक मोकळं करून, वळून, सांधून पुढे. गाठ एकही नाही. आबांनी शिकवलेलं त्यांनी ओटीवर बसून कधी उचललं होतं मला पत्ता नाही.

काळी लोकर निम्म्याच्या वर कातून झाली. तिचं काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं आणि मला काही घाईही नव्हती, पण आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, खाजते ती, पण टिकते, पाठवून दे इकडे, थंडीत पाय गारठतात माझे, मोजे करते. आणि दोन्ही पायांचे करते हो. तिला तीन पदरी हवी, टाच झिजते म्हणून. दोन पदरांपुरती आहे, तिसऱ्याला कमी पडते, आणि मावशींचा वाडा मे महिन्यातच घाट चढून गेला. आता भातकापणीनंतर. आईला हे सांगितलं तेव्हा ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.